काम नाही तर जेवण नाही: बायबल आळशी माणसाबद्दल खरंच असं म्हणतं का?

आळशी माणसाला टोमणा मारायचा असो, सरकारी मदतीवर टीका करायची असो किंवा ऑफिसमधल्या कामचुकार सहकाऱ्याबद्दल पोस्ट लिहायची असो, बायबलमधलं एक वाक्य हमखास पुढे येतं. जो काम करत नाही त्याला जेवणही नको, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. मूळ वाक्य मात्र थोडं वेगळं आहे आणि तो फरक महत्त्वाचा आहे.

हे वाक्य आलं कुठून?

नव्या करारातल्या ‘थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र’ या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायाच्या दहाव्या वचनात ते आहे. थेस्सलनीका म्हणजे आजच्या ग्रीसमधलं थेस्सलोनिकी शहर. पत्र प्रेषित पौलाच्या नावाने आहे. तिथल्या मंडळीतले काही जण स्वतः काम न करता इतरांच्या जिवावर खात होते आणि वर त्यांच्या भानगडींत नाक खुपसत होते, अशी त्यातली तक्रार आहे.

मूळ ग्रीक वाक्यात कळीचा शब्द आहे ‘इच्छा’. ज्यांना काम करायचंच नाही, त्यांच्यासाठी हा नियम आहे. आजारी, म्हातारी किंवा काम शोधूनही न मिळालेली माणसं त्यात येत नाहीत. अशा लोकांसाठी पत्रात वापरलेला शब्द ‘आताक्तोस’ या ग्रीक शब्दापासून आला आहे. रांग मोडणाऱ्या सैनिकासाठीही तो वापरला जाई. म्हणजे राग आहे तो आपला भार सोबतच्यांवर टाकण्याचा.

पुढची वचनं सहसा शेअर होत नाहीत. चांगलं करताना थकू नका आणि अशा माणसाला शत्रू न मानता भावासारखं समजवा, असं तिथे सांगितलं आहे.

पौल स्वतः काय करायचा?

तंबू बनवायचा. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकानुसार करिंथ शहरात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहिला. तिघांचा धंदा एकच, म्हणून ते एकत्र काम करू लागले. उपदेशकाला मंडळीकडून मदत घ्यायचा हक्क असतानाही आपण रात्रंदिवस राबलो, असं तो पत्रात बजावतो.

मुंगी आणि भिंत

जुन्या करारातलं ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक आळशाला मुंगीकडे पाठवतं. तिच्यावर मुकादम नसतो, तरी ती उन्हाळ्यात अन्न साठवते.

‘नहेम्या’ या पुस्तकात यरुशलेमचा पडलेला तट पुन्हा उभारल्याची कथा आहे. कोणी कुठला भाग बांधला, याची तिथे मोठी यादीच आहे. त्यात याजक, सोनार, अत्तरं बनवणारे आणि शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याच्या मुलीही आहेत. काम ५२ दिवसांत संपलं. त्याच यादीत तकोवा गावच्या प्रतिष्ठितांनी कामाला खांदा लावला नाही, अशीही नोंद आहे. गावचे बाकीचे लोक मात्र राबले आणि त्यांनी तटाचा आणखी एक भाग बांधला.

ज्यांच्याकडे शेतच नाही, त्यांचं काय?

पिकाची कापणी करताना शेताच्या कडा सोडाव्यात आणि पडलेली कणसं गरीब व परक्यांसाठी राहू द्यावीत, असा नियम ‘लेवीय’ या पुस्तकात आहे. विधवा रूथ याच नियमाच्या आधाराने बवाजाच्या शेतात कणसं वेचते. इथे मेहनत तिची असते, पण संधी ठेवण्याची जबाबदारी शेतमालकाची असते.

वाक्याचा पुढचा प्रवास

अमेरिकेतल्या जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीत अन्नटंचाई असताना कॅप्टन जॉन स्मिथने १६०८-०९ च्या सुमारास हाच नियम लावला. कष्ट टाळणाऱ्या खानदानी मंडळींनाही त्याने सूट दिली नाही, आजाऱ्यांना मात्र वगळलं. पुढे धर्माला विरोध करणाऱ्या सोव्हिएत राजवटीने १९१८ आणि १९३६ च्या राज्यघटनांत हे तत्त्व घातलं. तिथे ‘इच्छा’ हा शब्द गळाला. आज फिरणाऱ्या पोस्टमध्येही तो बहुतेकदा नसतो.

बायबलमध्ये मात्र दोन्ही बाजू एकत्र येतात. ‘गलतीकरांस पत्र’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात दुसरं वचन एकमेकांचं ओझं उचलायला सांगतं, तर पाचवं वचन प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा, असं सांगतं.