पाळीखालचा धनी

आपल्या इतिहासग्रंथांत किल्ल्यांच्या तटबंदीला जितकी पाने मिळाली, तितक्या ओळीही गावच्या तलावाच्या पाळीस मिळालेल्या नाहीत. तट पडला म्हणजे राज्य बुडते, आणि ते बुडणे बखरकारास लिहिण्याजोगे वाटते; पाळ फुटली तर दोनचार गावांचे भात तेवढे वाहून जाते. परंतु भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पूर्वेकडील जिल्ह्यांचा इतिहास कोणी मनापासून लिहावयास बसला, तर त्यास राजवाड्यांपूर्वी या मातीच्या पाळींकडेच जावे लागेल.

या मुलखात असे सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. जो तलाव बांधील त्यास त्याच्या पाण्याने भिजेल तितकी जमीन द्यावयाची, अशी चांद्याच्या गोंड राजांची रीत होती, असे परंपरा सांगते. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात विशेष. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे तेथील लोक आजही अभिमानाने सांगतात. दोन टेकड्यांमधील खिंड हेरावयाची, तेथे मातीची पाळ घालावयाची, एका अंगास कठीण जमिनीवरून जादा पाण्यास सांडवा द्यावयाचा आणि पाळीच्या पायथ्याशी शेताकडे पाणी सोडणारी मोरी ठेवावयाची. सारी विद्या एवढीच. ती कोणत्याही विद्यालयात शिकविली जात नव्हती, हे आम्हा पदवीधरांनी ध्यानात ठेवावे.

या तलावांचे काम काय, असे कोणी विचारील. पावसाच्या या प्रदेशात पाण्याची टंचाई कसली? पण धानाचे पीक एकूण पावसावर जगत नाही, ते वेळच्या पावसावर जगते. लोंबी भरण्याच्या सुमारास हस्ताने दगा दिला की जुलैतील महापूर शेतकऱ्याच्या काय उपयोगाचा? त्या पंधरा दिवसांकरिता तलाव असतो. याखेरीज ढीवरांची मासळी, गुरांचे पाणी, उसाचे मळे, विहिरींचे झरे हे सारे त्याच पाळीच्या आधाराने चालत असे.

आता पाळीच्या जिवाविषयी. माती पाण्यास अडविते म्हणजे ती पाणी मुळीच जाऊ देत नाही, असे नव्हे. थोडे पाझरणे हा तिचा धर्मच आहे. पायथ्याशी येणारा पाझर निर्मळ व रोजचा तेवढाच असला, तर भिण्याचे कारण कमी. तो गढूळ झाला म्हणजे मात्र पाणी पाळीच्या पोटातील माती कणाकणाने वाहून नेत आहे, आत भुयार पडत आहे, असे समजावे. अशा जागी आधी वाळू व तिच्यावर खडी अंथरली, तर पाणी जाते आणि माती राहते. दुसरे भय माथ्यावरून पाणी जाण्याचे. दगडी बांध ते काही काळ सोशील. मातीचा सोसत नाही, काही तासांतच चिरला जातो. म्हणून सांडवा मोकळा हवा, खचलेला माथा भरलेला हवा, मोठ्या झाडांची मुळे व उंदीरघुशींची बिळे पाळीत नकोत. यात यंत्रविद्येचा भाग थोडा आहे. भर पावसात रात्री कंदील घेऊन पाळीवरून कोण फिरणार, हाच खरा प्रश्न आहे.

मालगुजाराच्या काळी या प्रश्नास उत्तर होते. तो काही साधुपुरुष नव्हता. पहिले पाणी त्याच्या शेतास जाई, आणि पाळीवर माती टाकणाऱ्या गरिबास मजुरी मिळेच असे नाही. पण त्याचे धान पाळीखाली होते, पाळ फुटती तर पहिला तोच बुडता. तलावाचा गाळही गाव उपसून नेई, कारण तो शेतास खत म्हणून हवा असे. १९५० च्या कायद्यान्वये मालगुजारी नष्ट झाली. १९५१ मध्ये तलाव सरकारच्या ताब्यात गेले, आणि पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. जुलमी पद्धत गेली हे उत्तमच झाले. पण तिच्याबरोबर कंदीलही गेला. नव्या धन्याचे शेत पाळीखाली नव्हते, कचेरी होती, आणि ती तालुक्याच्या गावी.

हा केवळ सरकारी अनास्थेचा दोष आहे असे मानणाऱ्यांनी अमेरिकेतील साउथ फोर्क धरणाची कथा आठवावी. पेनसिल्व्हेनिया संस्थानाने कालव्यासाठी बांधलेले हे मातीचे धरण रेल्वे आल्यावर निरुपयोगी ठरले व खासगी हातांत गेले. मधल्या एका मालकाने तळाचे लोखंडी नळ काढून विकले. १८७९ मध्ये ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबाकडे आले. पैशाची ददात नव्हती, तरी नळ पुन्हा बसले नाहीत, उलट मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यास जाळ्या लागल्या. ३१ मे १८८९ रोजी पाणी माथ्यावरून गेले आणि खाली जॉन्सटाउनच्या बाजूस २२०० हून अधिक माणसे मेली. क्लबाचे बंगले तलावाच्या काठी होते. पाण्याखाली जाणारी घरे दुसऱ्यांची होती.

कोकणात चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले व वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार आपण आधीच केली होती, असे गावकऱ्यांनी सांगितले. जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे सांगितले. खेकडे बीळ करतात हे खरे. पण बीळ काही एका रात्रीत होत नाही, आणि ते पाहावयास कोणी गेले होते काय, हे खेकड्यास विचारता येत नाही.

त्यानंतर २०२१ मध्ये धरण सुरक्षेचा कायदा झाला. तो पंधरा मीटरहून उंच धरणांस लागू आहे. दहा ते पंधरा मीटरमधील काही धरणेही त्यात येतात. गावतलावांच्या बहुतेक पाळी त्याहून ठेंगण्या. भंडारा-गोंदियाकडील पुष्कळ तलावांवर आज ढीवरांच्या सहकारी संस्था मासळीचा ठेका घेतात. पाण्यावर पोट असलेली ही माणसे दररोज पहाटे पाळीवर असतात. पाझर गढूळ झाला तर तो प्रथम त्यांनाच दिसेल. ठेक्याने त्यांना मासळी मिळते. पाळीची दुरुस्ती मात्र कचेरीकडेच असते.