म्हशाची जत्रा, बोर्ड आणि नाच्या

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी म्हसोबाची जत्रा जनावरांच्या बाजारासाठी जितकी प्रसिद्ध आहे तितकीच तमाशाच्या फडांसाठीही, आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतल्या मुलांना रंगमंच, म्हणजे फडकऱ्यांच्या बोलीतला ‘बोर्ड’, जवळून पाहण्याची संधी अशा जत्रांतच मिळे. तमाशात स्त्रिया येण्यापूर्वी लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून नाचणाऱ्या मुलास ‘नाच्या’ म्हणत. हे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतले असल्याने, ज्याच्या ठेक्यावर रात्री फेटे उडत त्यालाच सकाळी गावच्या पाणवठ्याला शिवू दिले जात नसे. कलेच्या कौतुकाने हा अन्याय तसूभरही कमी होत नाही.

याच बोर्डाला भेदाविरुद्ध उभे करणारा प्रकार म्हणजे जलसा, अर्थात तमाशाच्या घाटातला प्रबोधनाचा खेळ. सत्यशोधकांनी तो रुजवला, आणि १९३१ साली नाशिकला भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभारला, तेव्हा गवळणींच्या थट्टामस्करीच्या जागी अस्पृश्यता आणि शिक्षण हे विषय आले. ढोलकी आणि तुणतुणे मात्र तेच राहिले.