पगार नव्हे, भेट

क्रिकेटचा इतिहास आपण धावांत मोजतो. आज तो पगाराच्या बाजूने पाहावयाचा आहे, आणि त्यासाठी मी जॅक बॅनिस्टर हा इंग्रज गोलंदाज निवडला आहे. कसोटी संघात त्याला कधीच जागा मिळाली नाही. म्हणून पुष्कळांना हे नाव नवे वाटेल.

१९३० साली वुल्व्हरहॅम्प्टन येथे जन्मलेला बॅनिस्टर १९५० पासून वॉरिकशायरकडून खेळू लागला. त्या काळी तिकडे खेळाडूंचे दोन वर्ग असत. मानाचे ते हौशी, मजुरीचे ते धंदेवाईक. छापील धावपत्रिकेत हौशी माणसाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, धंदेवाईकाची मागाहून! हा भेद १९६२ साली उठला, पण पगाराचा प्रश्न उरलाच. पुष्कळांना वेतन उन्हाळ्यापुरते. हिवाळ्यात ज्याने त्याने दुसरे काम शोधावे.

वर्षानुवर्षे राबल्यावर क्लबाची मर्जी असेल, तर खेळाडूच्या मदतीसाठी सामना होई. तेवढीच म्हातारपणची शिदोरी. केंटचा फलंदाज जेम्स सेमूर याच्या दाव्यात १९२७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरविले की, हा पैसा वेतन नव्हे, भेट होय. सबब त्यावर प्राप्तिकर नाही. कर वाचला खरा. पण भेट हक्काने मागता येत नाही! मला तरी या निकालात खेळाडूचा जय दिसत नाही.

१९६७ साली फ्रेड रम्सी या गोलंदाजाच्या पुढाकाराने क्रिकेटपटूंची संघटना निघाली. बॅनिस्टर संस्थापकांपैकी एक. पुढे तिचा चिटणीस. किमान वेतन, निवृत्तिवेतन ही कामे त्याने चिकाटीने रेटली. वर्गणी गोळा करण्यापासून ज्याने हे केले आहे, त्यालाच त्याची किंमत कळेल.

१,१९८ बळी घेऊन १९६९ साली त्याने खेळ सोडला. मग तो ‘बर्मिंगहॅम पोस्ट’चा क्रिकेट-वार्ताहर आणि बीबीसीचा समालोचक झाला. ज्यांची गाऱ्हाणी मांडावयाची, त्यांच्याच खेळावर टीकाही लिहावयाची! १९७७ साली केरी पॅकरने खेळाडूंना मोठ्या रकमा देऊन आपल्याकडे ओढले, तेव्हा तर संघटनेतच दोन तट पडले. पॅकरच्या खेळाडूंवरील बंदी त्याच नोव्हेंबरात न्यायमूर्ती स्लेड यांनी बेकायदा ठरविली. चिटणीसाने लेखणी धरू नये, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. पत्रकारांच्या कक्षात धावफलकाइतकेच करारपत्रही वाचता येणारा एक माणूस हवाच होता.

जानेवारी २०१६ मध्ये बॅनिस्टर वारला. पुढच्याच वर्षीच्या एप्रिलपासून इंग्लंडात खेळाडूंच्या मदतनिधीतील एक लाख पौंडांवरील रकमेस प्राप्तिकर लागू झाला.