दागिन्यावरचा बारीक नंबर फोटोत धूसर का येतो? अगदी छोट्या वस्तूंचे शार्प फोटो असे काढा

नवी अंगठी घेतली. ती खरंच हॉलमार्कची आहे का, हे बीआयएस केअर ॲपवर तपासायचं आहे. त्यासाठी अंगठीच्या आतल्या बाजूला कोरलेला एचयूआयडी वाचावा लागतो. पण तो इतका बारीक असतो की डोळे ताणूनही धड दिसत नाही. मग आपण मोबाईल काढतो, अंगठीला जवळजवळ टेकवतो आणि क्लिक करतो. फोटोत येतो एक पिवळा धुरकट डाग!

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेला सोन्याचा दागिना सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय विकता येत नाही. ॲपमध्ये हा नंबर टाकला की दागिना कोणत्या प्रकारचा, किती शुद्धतेचा आणि कोणत्या ज्वेलरने हॉलमार्क करून घेतला, हे कळतं. पण एक अक्षर जरी चुकीचं वाचलं, तरी ही तपासणी वाया जाते. त्यामुळे इथे फोटो सुंदर नसला तरी चालेल, पण तो शार्प हवा.

मुंगी, नाणं, फुलातला पराग, मोबाईलच्या सर्किटवरचा नंबर अशा कुठल्याही छोट्या वस्तूला हेच नियम लागू होतात.

फोटो ब्लर का होतो?

याची मुख्य कारणं तीन आहेत.

१. आपण गरजेपेक्षा जवळ जातो. प्रत्येक लेन्सला फोकस करण्यासाठी किमान अंतर लागतं. बहुतेक मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याला ते साधारण १० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त असतं. त्याच्या आत गेलात तर कितीही टॅप करा, फोकस होणार नाही.

२. फोकसचा पट्टा फार पातळ असतो. दूरच्या डोंगराच्या फोटोत सगळंच स्पष्ट दिसतं. पण वस्तूच्या जितकं जवळ जाऊ, तितका स्पष्ट दिसणारा भाग कमी होत जातो. म्हणून मुंगीचे डोळे शार्प येतात आणि पाय धूसर.

३. हात हलतो. जवळून फोटो काढताना वस्तूसोबत हाताची थरथरही मोठी होते. मॅक्रो लेन्सने वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराइतकी पडत असेल, तर हात ०.१ मिलिमीटर हलला तरी २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात चित्र सुमारे १७ पिक्सेल सरकतं.

मोबाईलवर काय करायचं?

लेन्स पुसा. खिशातल्या मोबाईलच्या लेन्सवर बोटांचे ठसे असतातच. मऊ सुती कापड पुरेसं आहे.

मागे या. मोबाईल वीतभर अंतरावर धरा, २एक्स झूम करा आणि नंबरवर टॅप करा. मग हळूहळू पुढे जा. चित्र धूसर व्हायला लागलं की थोडं मागे येऊन क्लिक करा. नंतर फोटो क्रॉप करता येतो.

मॅक्रो मोड असेल तर वापरा, पण जपून. अनेक फोनमध्ये त्यासाठी फुलाचं चिन्ह असतं. काही फोन या मोडमध्ये अल्ट्रावाइड लेन्स वापरतात आणि २ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊ देतात. अडचण अशी की एवढ्या जवळ फोनची स्वतःचीच सावली वस्तूवर पडते. स्वस्त फोनमधल्या २ मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने थोड्या अंतरावरून काढलेला फोटो बऱ्याचदा सरस ठरतो.

वस्तू आणि फोन दोन्ही स्थिर ठेवा. अंगठी कणकेच्या छोट्या गोळ्यात उभी खोचा. फोन डब्याला किंवा पुस्तकांच्या थप्पीला टेकवा आणि ३ सेकंदांचा टायमर लावा. म्हणजे बटण दाबल्याचा धक्काही बसत नाही.

फोन वस्तूला समांतर धरा. नाणं सपाट असतं, त्यामुळे बरोबर वरून काढलेल्या फोटोत ते पूर्ण शार्प येतं. अंगठीचा आतला भाग मात्र वक्र असतो आणि कॅमेरा त्याकडे तिरकाच पाहतो. सगळी अक्षरं एका फोटोत येत नसतील तर हट्ट करू नका. वेगवेगळ्या अक्षरांवर टॅप करून दोन-तीन फोटो काढा.

प्रकाश कुठून हवा?

चकचकीत धातूवर फ्लॅश मारला की पांढरा डाग पडतो आणि अक्षरं गायब होतात. फ्लॅश बंद करा आणि खिडकीजवळ बसा. कोरलेली अक्षरं वाचायला प्रकाश बाजूने हवा, कारण तेव्हा खाचांमध्ये सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात. ऊन थेट येत असेल तर मध्ये बटर पेपर धरा. मग स्क्रीनकडे बघत अंगठी हळूहळू फिरवा. एका कोनात नंबर अचानक स्पष्ट दिसेल.

एक सावधगिरी घ्या. धूसर फोटो एआय ॲपने 'शार्प' करून नंबर वाचू नका. अशी ॲप्स नसलेले तपशील अंदाजाने भरतात. फुलाच्या फोटोत ते खपून जाईल, पण नंबरमध्ये बीचा आठ झाला तर पंचाईत!

कॅमेरा असेल तर?

मॅक्रो लेन्सने वस्तू खऱ्या आकारात टिपताना फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/८ ला फोकसचा पट्टा जेमतेम १ मिलिमीटर असतो. एफ/१६ ला तो दुप्पट होतो. मग ॲपर्चर अजून लहान का करू नये? कारण फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. याला विवर्तन म्हणतात. म्हणून एफ/८ ते एफ/११ पासून सुरुवात करणं चांगलं.

यावरचा उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग. कॅमेरा किंवा फोकस थोडा थोडा पुढे सरकवत अनेक फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरने प्रत्येकातला शार्प भाग एकत्र जोडायचा. ब्रिटिश फोटोग्राफर लेव्हन बिस यांनी 'मायक्रोस्कल्प्चर' या प्रकल्पात कीटकांचे फोटो असेच काढले. २०१६ मध्ये ते ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये मांडले गेले. त्यातल्या एकेका चित्रासाठी सुमारे ८,००० फोटो जोडले आहेत आणि दोन फोटोंमध्ये कॅमेरा फक्त १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, सरकत असे.

अंगठीसाठी एवढा खटाटोप नको. वरचं सगळं करूनही नंबर वाचता आला नाही, तर सरळ दुकानात जा. हॉलमार्कचे दागिने विकणाऱ्या ज्वेलरने ग्राहकांसाठी किमान १०एक्स भिंग ठेवणं अपेक्षित असतं. ते मागून घ्या, मोबाईलच्या लेन्ससमोर धरा आणि फोटो काढा. नंबर तिथेच ॲपमध्ये टाकून बघा. शंका आली तर विचारायला दुकानदार समोरच आहे.