चित्रकथानिर्मिती, मुलांची

मुलांनी चित्रे आणि शब्द चौकटींत क्रमाने मांडून स्वतःची गोष्ट रचावी, यासाठीचे शिक्षण. चित्रकलेच्या तासाशी त्याचे नाते वरवरचे आहे. रेखाटनाचा सुबकपणा येथे दुय्यम, गोष्ट पुढे सरकणे महत्त्वाचे.

या विचाराचा आद्य पुरस्कर्ता म्हणजे जिनिव्हात वसतिशाळा चालवणारा शिक्षक रोडॉल्फ टॉप्फर (१७९९–१८४६). विद्यार्थ्यांच्या आणि मित्रांच्या करमणुकीसाठी त्याने चित्रकथा काढल्या. चित्रकलेचे रीतसर शिक्षण न घेतलेल्यालाही थोडक्या रेषांत बोलका चेहरा काढता येतो, असे त्याने १८४५ मध्ये मुखचर्येवरील निबंधात मांडले. भुवई किंवा ओठांची रेष बदलून एकाच वर्तुळात राग, भीती, हसू आणण्याचा सराव याच विचाराला धरून आहे.

लहान मुलांची अडचण सहसा रेषेची नसते, जागेची असते. ती आधी फुगा काढतात, मग संवाद त्यात मावत नाही. म्हणून अक्षरे आधी लिहून फुगा नंतर काढायला सांगतात. आधी बोलणारे पात्र डावीकडे हवे, नाहीतर उत्तर प्रश्नाआधी वाचले जाते. नायक प्रत्येक चौकटीत ओळखू यावा म्हणून टोपी, वेणी अशी ठळक खूण पुरते. सर्वांत अवघड म्हणजे काय गाळायचे ते. चेंडू फेकला, चेंडू हवेत, चेंडू अजून हवेतच, आणि तोवर कागद संपतो! अशा वेळी चौकटींवर मर्यादा घालणे कामी येते. वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेच्या शरद शर्मा यांनी रुजवलेल्या भित्तिचित्रकथेत चारच चौकटी असतात. ए-४ आकाराचे दोन कागद जोडून ती तयार होते आणि झेरॉक्स काढून भिंतीवर लागते.

लिहिता न येणाऱ्या मुलाचे संवाद मोठ्यांनी त्याच्याच शब्दांत उतरवावेत. व्याकरण सुधारू नये. चित्रावर तर शिक्षकाने पेन्सिल टेकवूच नये.

जेम्स स्टर्म, अँड्र्यू अर्नोल्ड आणि अलेक्सिस फ्रेडरिक-फ्रॉस्ट यांचे ‘अॅडव्हेंचर्स इन कार्टूनिंग’ (२००९) हे पुस्तक हा विषय चित्रकथेतूनच शिकवते. ‘मेकिंग कॉमिक्स’ची (२०१९) लेखिका लिंडा बॅरी हिचा प्रयोग उलट्या दिशेचा आहे: विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील संशोधक विद्यार्थ्यांची तिने चिमुकल्यांशी जोडी लावली, कारण चित्र काढायचे कधीच सोडून दिलेल्या मोठ्यांनाच त्यांच्याकडून शिकायचे होते.