मोटार राजाची, कॅमेरा आमचा, पास कुणाचा?

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात जमलेल्या गर्दीचं अर्धं लक्ष आपट्याच्या पानांकडे असतं आणि अर्धं मोटारीकडे. छत्रपती राजाराम महाराजांची १९३६ सालची जर्मन बनावटीची मेबॅक त्या दिवशी रस्त्यावर येते. दोरीच्या आत गळ्यात कार्ड अडकवलेले फोटोग्राफर असतात. दोरीबाहेर जुन्या बाजारातून घेतलेला कॅमेरा डोक्यावर उंच धरून टाचा वर करणारी आमची पोरं असतात. फोटो दोघेही काढतात. छापून येतो तो आतल्याचा.

आमचे काही ज्येष्ठ कार्यकर्ते यावर चिडतात. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी सोडून राजवाड्याच्या मोटारीमागे कसले धावता, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे, पण अर्धवट आहे. मोटार आणि कॅमेरा ही दोन यंत्रं या शहरात कुणाच्या हातात गेली, कुणी ती जाऊ दिली आणि कुणी अडवली, हा सामाजिक इतिहास आहे आणि तो आम्हाला सोडून देता येणार नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य माणसाला हत्तीचा माहूत केलं, घोडागाडीचा कोचमन केलं, मोटारीचा ड्रायव्हरही केलं. ज्याची सावली चालत नव्हती त्याच्या हातात राजाच्या गाडीचं स्टिअरिंग दिलं. याहून मोठी गोष्ट वकिलीच्या सनदांची. वकील व्हायचं तर सनद हवी, सनदेसाठी शिक्षण हवं, आणि शिक्षणाच्या दारावर तर शतकानुशतकं पहारा. महाराजांनी हे कोडं सोडवत बसण्याऐवजी ते तोडलं. महार तरुणांना थेट सनदा दिल्या. त्यावर ‘पात्रता नाही’ म्हणून ओरड झाली. ती ओरड आजही तशीच ऐकू येते, फक्त आता तिला ‘निकष’ म्हणतात.

कॅमेऱ्याचंही पाहा. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर, कारागिराच्या घरातले. कुठल्या संस्थेची पदवी नाही. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता, तर १९१८ च्या सुमारास कोल्हापुरातच स्वतः कॅमेरा बनवला आणि त्यावर ‘सैरंध्री’ काढला. तो १९२० साली पुण्यात लागला. टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला आणि त्याची जाहिरात, पैसे देऊनही, टिळकांच्या ‘केसरी’ने छापली नाही. एका हाताने कोल्हापूरच्या कारागिराला मान्यता द्यायची आणि दुसऱ्या हाताने अस्पृश्याच्या पत्राला जाहिरातीचीही जागा नाकारायची! ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपये दिले ते शाहू महाराजांनी. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेब तुमचे पुढारी होतील, हे त्यांनीच सांगितलं.

म्हणजे आम्ही ज्याला आज अधिस्वीकृती म्हणतो, तो झगडा ‘मूकनायक’इतकाच जुना आहे.

आता आजचं यंत्र कसं चालतं ते समजून घेऊ. सरकारी अधिस्वीकृतीपत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं. राज्य समिती असते, विभागीय समित्या असतात, कोल्हापूर विभागालाही आहे. त्यासाठी वृत्तपत्राची शिफारस लागते, अनुभवाचे पुरावे लागतात. मोटार शर्यतींचं गणित थोडं निराळं. तिथे पास आयोजक देतात, पण तेही विचारतात, कुठल्या माध्यमाकडून आलात, पत्र दाखवा. छापलेलं काम नसेल तर पास नाही, आणि पास नसेल तर छापण्यासारखा फोटो मिळणार कसा? धावत्या गाडीचा फोटो घेणाऱ्यालाच यातली मेख कळेल. शटर थोडा हळू ठेवायचा, गाडीच्या वेगाने कॅमेरा फिरवायचा, मग गाडी स्पष्ट येते आणि मागचं जग पुसट होतं. हे वळणावर, कठड्याजवळ उभं राहूनच जमतं. प्रेक्षकांच्या जाळीमागून फार तर जाळीचा फोटो येतो.

कोल्हापूरला मोटारींचं वेड नवं नाही. इथे गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, इथली मुलं देश-परदेशातल्या शर्यतींत गाडी चालवतात. त्या मुलांच्या कष्टांबद्दल आमची तक्रार नाही. मात्र शर्यत हा पैशाचा खेळ आहे, आणि ट्रॅकवर गाडी घेऊन उतरणं आमच्या वस्तीतल्या पोराला आज तरी शक्य नाही. कॅमेरा घेऊन उतरणं शक्य आहे. तेवढं एकच दार आहे आणि त्यावर पत्राची कडी आहे.

‘यात जात कुठे आली?’ असं आमचेच मित्र विचारतात. १९९६ साली बी. एन. उनियाल या पत्रकारांनी ‘पायोनियर’मध्ये लेख लिहिला होता. त्यांनी दिल्लीतल्या पत्र सूचना कार्यालयाची अधिस्वीकृत पत्रकारांची यादी उघडली. नावं ६८६. त्यातल्या ४५४ जणांच्या आडनावातच जात होती आणि त्यांत एकही दलित नव्हता. उरलेल्या २३२ पैकी ४७ जणांना फोन करून विचारलं. त्यांतही एक नाही. २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीने माध्यमांतली १२१ नेतृत्वाची पदं तपासली. १०६ वर उच्चवर्णीय, अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नाही. शिफारशीचं पत्र ज्या टेबलावरून निघतं, त्या टेबलामागे कोण बसलंय हे आता वेगळं सांगायला नको. पत्र नाकारताना कुणी जात विचारत नाही, हे खरं. ‘ओळखीचा आहे का?’ एवढंच विचारतात. ओळखी कुठून येतात, मित्रांनो?

आमच्यातला दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. कॅमेरा धरायचाच तर अत्याचाराचे, मोर्चाचे फोटो काढा, चकाचक गाड्यांचे कशाला? सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं कॅमेऱ्यात आणलं, ते काम थोरच. पण दलित पोराने फक्त दुःखाचेच फोटो काढावेत, ही वाटणी कुणी केली? वेगाचा, रंगाचा, यंत्राचा आनंद सवर्णांच्या मुलांचा आणि वेदना तेवढी आमची, हीसुद्धा वर्णव्यवस्थाच झाली. रविवारी सकाळी हायवेच्या पुलावर उभं राहून गाड्या टिपणाऱ्या पोराला आम्ही वाया गेलेला म्हणणार नाही.

करायचं काय, तर दोन कामं आहेत. आपली साप्ताहिकं, मासिकं, अनियतकालिकं आहेत. त्यांच्या संपादकांनी या पोरांचे फोटो नावानिशी छापावेत आणि लेटरहेडवर नेमणुकीचं पत्र द्यावं. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ काढणाऱ्या बाबासाहेबांचे आपण वारसदार आहोत. एक पत्र लिहायला दुसऱ्याच्या दारात जायची गरज नाही. दुसरं काम, माहिती अधिकारात आपल्या विभागाची यादी मागवायची: छायाचित्रकार किती, अर्ज किती नाकारले, कारणं काय. यादीत जातीचा रकाना नसेल, तेव्हा पुढचं काम उनियालांसारखं फोन हातात घेऊनच करावं लागेल. अर्जाचा मसुदा आम्ही लिहून देऊ, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट तेवढं ज्याचं त्याने आणावं.