एक इंच खाली

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या गाडीचा पुढचा डावा टायर बाहेरच्या कडेने पार गुळगुळीत झाला. आतली नक्षी जशीच्या तशी आणि बाहेरची कड मात्र घोटलेल्या पाटीसारखी! मुलगा म्हणाला, "बाबा, अलाइनमेंट करून घ्या." आमच्या गावात हे काम करणारा माझाच एक जुना विद्यार्थी आहे. नववीत त्याला इतिहासात मी पस्तीस गुण दिले होते, तेही दयेपोटी. मला वाटते, हे त्याच्याही लक्षात आहे.

त्याच्या दुकानात भिंतीवर एका पांढऱ्या मोटारीचे मोठे चित्र लावलेले आहे. पांढरा रंग, वरून निळे पट्टे. चाकांना यंत्र लावताना तो म्हणाला, "सर, ही गाडी एका इंचाने जिंकली."

"म्हणजे शर्यत इतकी अटीतटीची झाली?"

"नाही हो सर. पुढच्या सस्पेन्शनची भोकं एक इंच खाली पाडली, म्हणून."

"कोणी पाडली?"

"ते कुठं कोण लिहितं? तुमच्या पुस्तकात तरी तोफ कोणी ओतली ते होतं का?"

मला उत्तर सुचले ते घरी आल्यावर, चहा पिताना. विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेवर ती ओतणाऱ्या रूमी खानाचे नाव कोरलेले आहे. १५४९ साली तेव्हाच्या अहमदनगरात ती ओतली गेली. पण हे मी वर्गात कधी सांगितले होते का? नाही. तालिकोटची लढाई सांगितली, चारही सुलतान सांगितले, सनावळ्या घोकून घेतल्या. तोफ ओतणारा राहूनच गेला. मग म्हटले, निदान त्या एका इंचाचा तरी छडा लावू. वेळ भरपूर आहे, नातवाचा संगणक आहे. त्यातून हाती आले ते असे.

१७ एप्रिल १९६४ रोजी अमेरिकेत फोर्ड कंपनीने मस्टँग ही गाडी विक्रीला आणली. ती हातोहात खपली. पहिल्याच वर्षात चार लाखांवर गेली. पण दिसायला घोडा असली तरी आतून ती त्याच कंपनीच्या फाल्कन नावाच्या साध्या घरगुती गाडीवर बेतलेली होती. बाजारात घेऊन जायला उत्तम, शर्यतीत मात्र तिला कोणी विचारीना. फोर्डचे ली आयकोका यांना तिला शर्यतीची प्रतिष्ठा हवी होती. त्यांनी काम सोपवले कॅरोल शेल्बीकडे. हा टेक्सासचा माणूस, एके काळी कोंबड्या पाळणारा. १९५९ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेला. हृदयविकारामुळे शर्यती सोडाव्या लागल्यावर कॅलिफोर्नियात स्वतःच्या गाड्या बांधू लागला होता.

अमेरिकी क्लबाच्या नियमाप्रमाणे गाडी 'स्पोर्ट्स कार' ठरायला दोनच आसने हवी होती आणि निदान शंभर गाड्या तयार असायला हव्या होत्या. शेल्बीने मागची बैठक काढून टाकली, तिथे जादा चाक ठेवले. झाली दोन आसनी! इंजिनाची ताकद २७१ अश्वशक्तीवरून ३०६ वर नेली. नाव ठेवले जीटी ३५०. हा आकडा इंजिनाचा नव्हे की वेगाचा नव्हे. दोन इमारतींमधले अंतर एकाला पावलांनी मोजायला लावले आणि तो आकडा गाडीला चिकटवला, असे सांगतात. (आपल्याकडे बारशाला एवढा हलगर्जीपणा चालला नसता.)

आता मूळ अडचण. मोटार जोरात वळते तेव्हा तिचे अंग बाहेरच्या बाजूला कलते. एस.टी. घाटात वळताना आपण खिडकीकडे सरकतो ना, तसे. अंगाबरोबर बाहेरच्या बाजूचे पुढचे चाकही कलते आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. गंमत अशी की वळणात सर्वात जास्त भार त्याच चाकावर येतो. म्हणजे ज्या पायावर उभे राहायचे, नेमका तोच मुरगळलेला! रबराचा पुरता तळवा रस्त्याला टेकत नाही, पकड सुटते, आणि सुकाणू फिरवले तरी गाडी नाकासमोर सरळ जाऊ पाहते. चाकाच्या या उभ्या कलण्याला कॅम्बर म्हणतात.

पुढचे चाक दोन आडव्या हातांनी गाडीला धरलेले असते, वरचा आखूड आणि खालचा लांब. मस्टँगच्या वरच्या हाताची आतली बिजागरी दोन बोल्टांनी गाडीच्या अंगाला जोडलेली असे. ती बिजागरी एक इंच खाली आणायची, एवढेच करायचे होते.

एवढ्याने काय होते? माझ्यातल्या मास्तराने यासाठी घड्याळ वापरले. काटा बरोबर तीनवर आडवा धरा आणि थोडा वर न्या. टोक जवळजवळ सरळ वरच जाते, आत फारसे येत नाही. आता काटा अडीचवर धरा आणि तेवढाच वर न्या. टोक वर जाता जाता मध्याकडे झपाट्याने ओढले जाते. बिजागरी खाली आणली म्हणजे वरच्या हाताचा काटा तीनवरून अडीचकडे सरकतो. मग वळणात अंग कलून चाक अंगाच्या मानाने वर आले, की त्याचा माथा आत ओढला जातो. अंग बाहेर कलते, चाक आत कलते. बेरीज-वजाबाकी होऊन टायर रस्त्यावर बराचसा सपाट राहतो. शिवाय अंगाचे कलणेही कमी होते. नवा भाग जवळजवळ काहीच नाही. दर बाजूला दोन भोके.

हे गणित मांडणारा माणूस होता फोर्डमधला अभियंता क्लाउस आर्निंग. त्या काळात संगणकाच्या मदतीने सस्पेन्शनची भूमिती काढणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी तो एक. आणि कागदावरचे हे गणित रस्त्यावर घासून पाहिले केन माइल्सने. माइल्स इंग्लंडचा, जन्म १९१८. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांवर होता. पन्नाशीच्या दशकात कॅलिफोर्नियात आला. शेल्बीकडे तो गाड्या चालवी, त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या सुधारी. १९६४च्या अखेरीस विलो स्प्रिंग्जच्या ट्रॅकवर मस्टँगला पुनःपुन्हा पळवून, स्प्रिंगा, शॉक अब्सॉर्बर, पुढचा जाड दांडा हे सारे जुळवत नेण्यात त्याचा मोठा वाटा होता.

१४ फेब्रुवारी १९६५ रोजी टेक्सासमधल्या ग्रीन व्हॅली ट्रॅकवर जीटी ३५० पहिल्यांदा उतरली. चालक माइल्स. एका उंचवट्यावरून गाडीची चारही चाके हवेत गेल्याचे त्या दिवशीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ती शर्यत तो जिंकला. १९६५, १९६६ आणि १९६७ अशी सलग तीन वर्षे या गाडीने आपल्या वर्गाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

पुढचे ऐकून मात्र मन खट्टू झाले. १९६६च्या मोसमात सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर ही भोके पाडणे बंदच केले. का? खर्च आणि वेळ. जवळजवळ हजार गाड्या तर हर्ट्झ कंपनीला भाड्याने द्यायला गेल्या. भाड्याच्या गिऱ्हाइकाला वळणातला तळवा कशाला हवा! आणि १९६७च्या मॉडेलपासून फोर्डने आपल्या साध्या मस्टँगवरच वरची बिजागरी खाली आणली, कारखान्यातूनच. शेल्बीच्या गाडीतून काढून टाकलेली गोष्ट अशी दुसऱ्या दाराने घरी आली.

माइल्सला ते पाहायला मिळाले नाही. १७ ऑगस्ट १९६६ रोजी रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर एका नव्या गाडीची चाचणी घेताना तो गेला. २०१९ साली 'फोर्ड व्ही फेरारी' चित्रपट आला तेव्हा त्याचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले, ते ल मान्ससाठी. आजही हौशी लोक जुन्या मस्टँगवर ही भोके पाडतात. या कामाला बहुतेक जण 'शेल्बी ड्रॉप' म्हणतात. थोडेच लोक 'आर्निंग ड्रॉप' म्हणतात. शेल्बीचे कर्तृत्व मी कमी लेखत नाही. पैसा, माणसे, धडाडी त्याने जमवली. पण भोकांचे नाव चुकले आहे, असे माझे मत आहे.

काल गाडीचे उरलेले पैसे द्यायला पुन्हा दुकानात गेलो. हे सगळे त्याला सांगितले. घड्याळाचे उदाहरण त्याला पटले, कारण लगेच मनगट वर करून त्याने काटा पाहिला. तिथे एक मुलगा आपली गाडी घेऊन आला होता, कोइमतूरच्या ट्रॅकवर जाणाऱ्यांपैकी. त्याला चाके दोन अंश आत कललेली हवी होती. "देतो," हा म्हणाला, "पण रोज रस्त्यावर चालवलीस तर टायरची आतली कड खाऊन टाकेल. मग माझ्या नावाने ओरडू नकोस."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, आर्निंग ना? कसं लिहायचं?" मी पावतीच्या मागे लिहून दिले. तो अक्षरे वाचत थोडा वेळ थांबला आणि त्याने विचारले, "आणि वरची जुनी भोकं? ती बुजवली का?"

नाही, म्हटले. तशीच ठेवली. बोल्ट खालच्या भोकांत जातात, वरची रिकामी राहतात.